तळाचं तेल

फिटरनाना इंजिनातलं जुनं तेल चाखून बघत. ऐकीव सांगत नाही, बारा वर्षं शेजारी उभा राहून बघितलंय. गरम तेलाचा एक थेंब बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा, मग जिभेच्या टोकाला लावून पचकन थुंकायचं. थुंकून झालं की ते एखादं वाक्य बोलत, आणि ते त्या मोटारीचं पुढच्या महिन्याचं भविष्य असे. एकदा म्हणाले, "पितळ लागतंय." आठ दिवसांनी इंजिन उघडलं तर आतलं एक पितळी बूश झिजून कागदासारखं झालेलं निघालं. आमच्या मुनीमजींना मात्र हे चाखणं बघवत नसे. ते तोंड फिरवून पान लावत बसत.

निजामाचं राज्य होतं. बीडच्या एका जमीनदारानं उतारूंची एक मोटार घेतली होती आणि ती बीडहून नेकनूरमार्गे केजला जाई आणि परत येई. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. मोटारीवर माणसं तीनच. तिकिटं फाडायला मुनीमजी, ते अंगानं इतके भरलेले की पुढच्या बाकावर त्यांच्याशेजारी दुसरा कुणी बसत नसे. यंत्राचं सगळं बघायला नाना. आणि चालवायला मी.

नाना मूळचे लिंबागणेशचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी कापसाच्या जिनिंगात हमालीला म्हणून गेले आणि तिथल्या इंजिनापाशी जे बसले ते परत शेतात गेलेच नाहीत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मला नावानं कधी हाक मारली नाही, कायम 'डायवर'. रागावले तर 'बे डायवर'. मी त्यांना नाना म्हणे आणि अहो-जाहो करे, पण खरं सांगायचं तर मी स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचा समजत होतो.

आता हे आजच्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण त्या वेळी ड्रायव्हर म्हणजे काय चीज होती! खाकी कोट, डोक्याला फेटा, पायांत बूट. नेकनूरच्या बाजारात मी उतरलो की माणसं रामराम घालायची. गावोगावचे पाटील मला दूध पाठवायचे. चपराशी सोडा, कचेरीतला कारकूनसुद्धा मला 'डायवरसाब' म्हणे. आणि या सगळ्या मानाचा एक कायदा होता: ड्रायव्हर मोटारीखाली जात नाही. चाक बदलायचं असेल तर उभं राहून बघायचं. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी हैदराबादेला मोटार शिकलो, त्यानं ब्रेक कुठला हे सांगायच्या आधी हे सांगितलं होतं, की पाठ जमिनीला लावू नकोस, लावलीस तर उद्यापासून तुला कुणी ड्रायव्हर म्हणणार नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की बारा वर्षांत मोटारीचं पोट मी खालून पाहिलं नव्हतं.

खाली नाना जात. तेल बदलायचा दिवस आला की ते दुपारपासूनच मोटारतळावर तयार बसत. मोटार केजहून येऊन थांबली की इंजिन गार व्हायच्या आत पोतं अंथरायचं, त्यावर उताणं पडून आत सरकायचं आणि तळाचा बोल्ट खोलायचा. तेल गरमच काढायचं हा त्यांचा हट्ट. गार तेलाबरोबर घाण येत नाही, ती तळाला धरून बसते, असं ते सांगत. काळंभोर तेल घमेल्यात पडे, शेवटी शेवटी दाट गाळ यायचा, आणि नाना तो गाळ जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून काडीनं चिवडत बसत. त्यात काय चमकतंय, काय नाही, ते बघत. मी एकदा कंटाळून म्हणालो, नाना, तेल तर गेलं, आता त्या चिखलात काय शोधताय?

"वरचं तेल कुनालाबी दिसतंय, डायवर," ते म्हणाले. "तळाला काय साचलंय ते बघावं लागतंय."

मी बूट झटकून चहा प्यायला गेलो.

त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, हेही सांगायला हवं. एकदा खुद्द तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टराची, गाडी नेकनूरला बंद पडली. बाजाराचा दिवस, सगळा गाव भोवती. नानांना बोलावलं. त्यांनी तेलाचा थेंब चाखला, थुंकले, आणि साहेबांच्या तोंडावर सांगितलं की सायब, तुमचा डायवर तेल बदलतच न्हाई, जुन्यावरच नवं वतून पैसे खातोय. साहेबांचा ड्रायव्हर माझ्यासारखाच खाकी कोटातला. त्याचा चेहरा पडला तेव्हा मीही माझ्या कोटाची बटणं चाचपली, उगाचच. तालुकदारसाहेब मात्र खूश झाले. हैदराबादेला चलता का म्हणून विचारलं. नानांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि तिथं जवारीची भाकर भेटती का, असं विचारलं. भात जास्त, असं कळल्यावर न्हाई जमायचं म्हणाले. पुढं कितीतरी दिवस मुनीमजी हे गाणं ज्याला त्याला ऐकवत होते.

मग नानांची पाठ गेली.

एका हिवाळ्यात तेल बदलून झालं, बोल्ट बसवला, आणि नाना बाहेर येईनात. आम्हाला वाटलं काही बघतायत. जरा वेळानं खालून आवाज आला, "आरं, वढा मला." मी वाकून बघितलं. वाकलो फक्त. दोन उतारूंनी त्यांचे पाय धरून बाहेर ओढलं. नाना हसत होते, नांगर वढल्यागत वढलं बे, म्हणाले. पण उठून बसायला त्यांना बराच वेळ लागला आणि कपाळावर घाम होता, भर थंडीत. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला मालक स्वतः मोटारतळावर होते.

मालक वाईट माणूस नव्हता. त्यांनी नानांना घरी बोलावलं, बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की दिवाळीपर्यंत बघू. तोवर पाठ नीट झाली तर ठीकच, नाहीतर माजलगावच्या जिनिंगात एक फिटर आहे, त्याला आणतो. जो खाली जाऊ शकत नाही तो फिटर कसला, असं ते म्हणाले, आणि यात चूक काय होती? नानांनी हे मला आपण होऊन सांगितलं. गावी भावांच्या वाटणीत त्यांना फारसं काही राहिलं नव्हतं, पण ते दुःख त्यांनी कधी उगाळलं नाही. दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं. मोटारीच्या चाकाला टेकून बसले होते. म्हणाले, "मला हितंच ऱ्हायचंय, डायवर." एवढंच. पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

तुम्ही म्हणाल, खाली जाऊन एक बोल्टच तर खोलायचा. मुनीमजी गेले असते तर त्यांना काढायला मोटार उचलावी लागली असती. मोटारतळाखाली सगळा काळा पाषाण, खड्डा खणून त्यात उभ्यानं काम करायची सोय नव्हती. बाहेरच्या माणसाला मालक इंजिनाला हात लावू देत नसत. राहिलो मी. नानांनी मला विचारलं नाही आणि मी बोललो नाही. आम्ही दोघंही जणू ही गोष्ट अस्तित्वातच नाही असे वागत होतो.

त्याऐवजी मी एक युक्ती काढली. नगरला इंग्रजांच्या हद्दीत मी एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात बघितलं होतं: तेल मोजायची सळई जिथं असते, त्या भोकातून नळी आत सोडायची आणि हातानं पंप मारून तेल वरच्या वर ओढून घ्यायचं. खाली जायचं कामच नाही. मी नानांना सांगितलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, आनून बघ. मालकांनाही कल्पना पटली.

मी नगरला निघायच्या आदल्या दिवशी नानांनी ज्वारीचं एक धाट सोलून गुळगुळीत केलं, सळईच्या भोकातून इंजिनाच्या तळाला टेकेपर्यंत आत घातलं, वर भोकापाशी दातानं खूण केली आणि तिथं कापून ते मला दिलं. नळी या धाटापेक्षा टीचभर लांबच पाहिजे. नळी तांब्याची पाहिजे, वाकणारी नको. तेल गरम असणार, ते ध्यानात ठेव. आणि पंप असा पाहिजे की दाट तेल ओढताना दमणार नाही. तीनदा सांगितलं. शाळेत जाणाऱ्या पोराला सांगतात तसं. मला राग आला होता, मी म्हणालो, नाना, मला कळतंय.

नगरच्या दुकानात दोन पंप होते. एक मोठा, जमिनीवर उभा राहणारा, बिडाच्या पायाचा, वर लाकडी मूठ, दोन्ही हातांनी वर-खाली करायचा. त्याला लांबलचक तांब्याची नळी. दुसरा लहान, पितळेचा, झगझगीत, बगलेत मावणारा. दट्ट्या ओढला की तेल आत, दाबला की बाहेर. त्याला काळ्या रबराची नळी. दुकानदार म्हातारा होता, त्यानं सरळ सांगितलं: लॉरीला, उतारूंच्या सर्व्हिस मोटारीला मोठा न्या, हा लहान साहेबलोकांच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. मी धाट काढून दोन्ही नळ्यांना लावून बघितलं. तांब्याची नळी वीतभर जास्त होती. रबराची दोन बोटं कमी.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

पण माझ्या डोक्यात करोडगिरीचा नाका होता. इंग्रजांच्या हद्दीतून निजामाच्या हद्दीत काही आणायचं तर नाक्यावर दाखवावं लागे आणि यंत्र म्हटलं की तिथल्या माणसांचे डोळे मोठे होत. आदल्या साली आमच्या मोटारीचा एक सुटा भाग त्यांनी ठेवून घेतला होता. कशाचा आहे, कशाला लागतो, वरून विचारून येतो, असं करत करत तीन आठवडे. मोटार तोवर उभी. मालक रोज मलाच विचारत, जणू मीच तो भाग गिळला होता. मोठ्या पंपाकडे बघितलं की मला तो नाक्यावरच्या टेबलावर पडलेला दिसे. ते यंत्र आहे हे कुणालाही कळलं असतं. लहान पंप मात्र बैलाला काढा पाजायच्या पिचकारीसारखा दिसत होता. रबर काय, ताणलं की दोन बोटं वाढेल. मी लहान घेतला.

आणि नाक्यावर मी म्हणालोही तसंच. बैलाची पिचकारी. कारकुनानं ती हातात घेतली, दट्ट्या मागं-पुढं केला, आणि मला वाटलं संपलं. तर तो विचारायला लागला की कुठं मिळाली, त्याची म्हैस फुगली होती आणि नळकांड्यानं औषध पाजताना ती सगळं थुंकून टाकत होती. मी त्याला म्हशीला पाजायची माझी म्हणून एक रीत सांगितली, जी मी कधी केली नव्हती. त्यानं मला विडी दिली. मोठा पंप त्यानं अडवला असता की नाही, ते मला आजही माहीत नाही. कदाचित बघून सोडून दिला असता. माणूस चांगला होता.

नानांनी पंप हातात घेतला, उलटासुलटा केला. मग माझ्याकडे हात पुढं केला. मी धाट दिलं. त्यांनी ते नळीशेजारी धरलं, बघितलं, खाली ठेवलं. मी घाईघाईनं सांगितलं की रबर आहे, गरम तेलात ताणतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हां," म्हणाले. "ताणत असंल."

दुसऱ्या दिवशी मोटार केजहून आली. मोटारतळावर ही गर्दी. मालक खुर्ची टाकून बसलेले. नानांनी नळी आत सोडली आणि उभ्यानं, ताठ पाठीनं, दट्ट्या ओढायला लागले. पिचकारीमागून पिचकारी काळं तेल डब्यात पडत होतं आणि माणसं वा वा करत होती. मालकांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता तुम्हाला कुठं जायचं काम नाही. मी त्या दिवशी खूप खूश होतो, इतका की मुनीमजींना माझ्या पैशानं जिलेबी खायला घातली. नानांनी शेवटी एक थेंब बोटावर घेतला, चाखला, थुंकले. आणि काही बोलले नाहीत. बारा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. दर खेपेला तेल वरून निघत होतं, नवं वरून पडत होतं. रबर गरम तेलात ताणत नसतं, मऊ पडून वर वळतं. तळाशी चार बोटं जुनं तेल आणि त्याखाली गाळ, तसाच राहत होता, आणि महिन्या-महिन्याला त्यावर नवा थर चढत होता. नानांचं बोलणं कमी झालं. इंजिन चालू झालं की बॉनेटवर हात ठेवून उभे राहत. मांजरसुंब्याचा घाट हळू चढव, म्हणून मला सांगायला लागले. जळका वास येतो का, म्हणून विचारायला लागले. मी नाही म्हणे. खरंच येत नव्हता. एका दुपारी मी चहाच्या दुकानातून बघितलं, नानांनी चाकाशेजारी पोतं अंथरलं होतं. त्यावर बसले. एक हात जमिनीला टेकून आडवं व्हायला बघत होते. अर्ध्यावर थांबले, तसेच बसून राहिले, मग पोतं घडी करून ठेवलं. असं मी दोनदा बघितलं. मला अर्थ कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. कपात चहा होता तो मी प्यायलो.

पावसाळा संपताना, नेकनूरच्या बाजारादिवशी, मोटार खचाखच भरलेली असताना मांजरसुंब्याच्या चढाला इंजिनात ठोके पडायला लागले. आधी हलके, मग कुणीतरी आतून हातोडा मारावा तसे. मी बंद करेपर्यंत ते आपण होऊनच बंद पडलं. उतारू पायी गेले. मोटार चार बैल लावून बीडला आणली.

मालकांनी माजलगावहून तो दुसरा फिटर बोलावला. तरणाबांड गडी, चटकन खाली गेला, तळाचा बोल्ट खोलला. तेल पडलंच नाही. त्यानं आत तार घातली तेव्हा डांबरासारखा एक लोळ खाली आला. जाळी तुंबलेली, तेल वर चढायचं बंद, बेअरिंग वितळलेलं. फिटर खालूनच म्हणाला की हे कित्येक महिने कुणी साफ केलेलं नाही. मालकांनी नानांकडे बघितलं.

"माझ्याच्यानं ऱ्हायलं, मालक," नाना म्हणाले. "माझी चूक हाय."

पंपाचं नाव नाही, नळीचं नाव नाही. मी चार हातांवर उभा होतो. मालकांनी मला विचारलंसुद्धा, तुला काही म्हणायचंय का? मी नाही म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. नानांनी हात पुसले, मुनीमजींना रामराम केला, मला "येतो" म्हणाले, आणि लिंबागणेशच्या रस्त्याला लागले. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, रडू येईल, निदान जेवण जाणार नाही. तसं काही झालं नाही. मी जेवलो आणि झोपलो. आत कुणी दिवा काढून नेल्यासारखं झालं होतं, पण अंधाराचीसुद्धा सवय होते. मोटार दीड महिन्यानं चालू झाली आणि मी ती चालवायला लागलो.

एक साल गेल्यावर मी लिंबागणेशला गेलो. का गेलो ते सांगता यायचं नाही. मोटारीची वाट तिकडून जात नसे, मोठ्या रस्त्याला उतरून चालत गेलो. नाना भावाच्या रानात ज्वारीला पाखरं हाकायला बसले होते. वाळले होते. मला बघून आनंद झाला त्यांना, हे मला सहन झालं नाही. नानींनी ताक आणून दिलं आणि त्या भाकरी टाकायला गेल्या. नानांनी पहिला प्रश्न इंजिनाचा विचारला. नवा फिटर तेल गरम काढतो की गार? मी म्हणालो, गरम. खालून? खालून. मग त्यांना जरा बरं वाटलं.

मग मी सांगून टाकलं. दुकानात दोन पंप होते, धाट लावून बघितलं होतं, नाक्याच्या भीतीनं लहान घेतला. पाठ केल्यासारखं एका सुरात सांगितलं. नाना गोफणीत दगड भरत होते. भरून झाला तरी फिरवला नाही.

"मला नळी बघूनच कळलं हुतं," ते म्हणाले.

मग बोलला कावून नाही, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. आवाज चढला होता माझा. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला असतात तर मी परत नगरला गेलो असतो, मोठा आणला असता.

"मालक बसले हुते समोर. पंप चालंना म्हणलं असतं तर मला तितूनच घरी धाडलं असतं. मला ऱ्हायचं हुतं बे. रोज वाटायचं, आज बोलीन. मग वाटायचं, अजून एक म्हैना निघंल." त्यांनी गोफण मांडीवर ठेवली. "मोटारीशी बेइमानी केली म्या. तुझ्या एकट्याच्या माथी न्हाई ते."

मी म्हणालो, मालकांना नाही, मला तर सांगायचं होतं. गुपचूप सांगायचं. महिन्यातून एकदा बोल्ट खोलायचा होता फक्त.

नानांनी मान वर केली. राग नव्हता, थट्टाही नव्हती. मोटारीचं तेल चाखून बोलत तसंच, साधं बोलले.

"मी म्हणलो असतो, डायवर, तू जा खाली, तर गेला असतास?"

ज्वारीत कुठंतरी पाखरं बसली होती, त्यांचा आवाज येत होता. हो म्हणता आलं असतं, आता काय बिघडत होतं? पण त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"म्हणून बोललो न्हाई," नाना म्हणाले. "तुला न्हाई म्हणावं लागलं असतं. मग उद्या एका मोटारीवर बसायचं कसं दोघांनी?"

भाकरी झाल्या म्हणून नानींनी हाक मारली. आम्ही जेवलो. ते मला बांधापर्यंत सोडायला आले, तिथून पुढं चालवेना त्यांना.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. नेकनूरच्या बाजारात लिंबागणेशच्या एका माणसानं सांगितलं, मोटारीच्या खिडकीतून, मी सुटायच्या बेतात असताना. मी बरं म्हणालो. मोटार केजला नेली, परत बीडला आणली, उतारूंना उतरू दिलं. तेल बदलायचा दिवस होता आणि फिटर पाना घेऊन आला होता. मी त्याच्या हातातून पाना घेतला. तो म्हणाला, डायवरसाब, लोक बघतायत. मुनीमजी पान लावता लावता थांबले.

मी खाली गेलो. बोल्ट हाताला लगेच लागला, दोन आट्यांत सुटला. काहीच अवघड नव्हतं. पाठीला खडे टोचतात, एवढंच.